एक्केचाळीस अक्षरं

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी धुळ्याहून साक्रीची एसटी पकडली, ती एका अगदी साध्या कामासाठी. एका कॉम्प्युटरवरून ईमेल जात नव्हता, तो चालू करून द्यायचा होता. पिशवीत पाण्याची बाटली, वही-पेन, दोन पोळ्या आणि कैरीचं लोणचं घेतलं होतं. संध्याकाळच्या गाडीने परत यायचा बेत होता.

माझं पोट अशाच कामांवर चालतं. धुळ्यातच, देवपुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर माझी एक खोली आहे. तिथे बसून मी लहानसहान कंपन्यांना प्रोग्राम लिहून देते. माणसं मला दिसत नाहीत, फोनवर भेटतात. काम संपलं की फोनही बंद होतो. कधीकधी दोन-दोन दिवस माझा आवाज मला ऐकू येत नाही. दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटलं की घशात काहीतरी खरखरतं, तेव्हा कळतं की आज आपण पहिल्यांदाच बोललो.

हा प्रोग्रामही मी सहा वर्षांपूर्वी असाच, घरी बसून लिहिला होता. साक्रीच्या पुढे पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्यापासून बऱ्याच लांब, एका टोकाला, वारा मोजायचा एक उंच लोखंडी मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली. त्या खोलीतला कॉम्प्युटर दिवसभर वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवतो. रोज दुपारी तीन वाजता माझा प्रोग्राम ते आकडे उचलतो, त्यांचा तक्ता करतो आणि धुळ्याच्या ऑफिसला ईमेल करतो. तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. खोलीवर जो माणूस राहतो त्याने त्यात दिवसाची एखादी ओळ लिहायची. 'धूळ फार', 'वारा पडला', असं काहीतरी.

अकरा दिवस झाले, अहवाल येत नव्हता. ऑफिसातल्या कोकिळा मॅडमनी मला फोन केला.

"लांबूनच होईल का बघा ना," त्या म्हणाल्या.

"लांबून त्या मशीनला हात लागत नाहीये. तिथल्या ललितभाऊंना जरा कॉम्प्युटरसमोर बसवता का? मी सांगते तसं त्यांनी केलं तरी होईल."

त्यांनी तिथेच कोणाला तरी साक्रीच्या गाडीची वेळ विचारली. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच जाऊन या. भटू फाट्यावर घ्यायला येईल."

फाट्यावर भटूभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, डोक्याला पांढरा रुमाल. मनोऱ्याची राखण आणि पाणी पोहोचवायचं काम त्यांच्याकडे. आम्ही चढ चढू लागलो तसं झाडं संपत गेली. नंतर नुसतं पिवळं गवत, काळे दगड आणि लांबवर फिरणारी ती पांढरी पाती. वाऱ्याच्या झळा तोंडावर येत होत्या, तव्यावरून आल्यासारख्या.

"ललितभाऊ आहेत ना वर?" मी मागून ओरडून विचारलं.

भटूभाऊंनी गाडीचा वेग वाढवला. मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

खोलीसमोर गाडी थांबली. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्याने जाळं विणलेलं. किल्ली फिरेना. भटूभाऊंनी गाडीच्या डिकीतून तेलाची बाटली काढली, कुलपात चार थेंब सोडले आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

"ललितभाऊ ग्या ना ताई. साल व्हयनं."

"गेले म्हणजे... नोकरी सोडली?"

त्यांनी मान हलवली. "आठेच ग्या. आखाजी व्हती. मी चार दिन घर गयथू. उनू तं..." त्यांनी खोलीकडे बोट केलं. "खाटवर व्हता. ताप व्हता म्हने डाक्टर."

"चार दिवस कोणालाच कळलं नाही?"

"कसं कळी ताई? धुळाले तं रोज कागद जाये ना. बठ्ठं ठीक शे म्हनीसन."

कुलूप कटकन उघडलं. भटूभाऊ उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. "पानी लई येस. पाच वाजता येस," असं म्हणून त्यांनी गाडीला किक मारली. गाडीचा आवाज उतारावर बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही वाऱ्यात मिसळून गेला.

ललितला मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर दहा-बारा वेळा बोलले असेन. धरणगावचा होता, बोलणं हळू आणि नीट. मला ताई म्हणायचा. वर्षभर तो या जगात नव्हता आणि मला ते एका बिघाडामुळे कळत होतं.

खोलीत उंदराच्या लेंड्यांचा, तापलेल्या पत्र्याचा आणि बंद हवेचा वास होता. टेबल भिंतीला लावलेलं. त्यावर कॉम्प्युटर चालूच होता, छपरावरच्या सोलरवर. वर्षभर, कोणी नसताना. खुर्चीच्या मागे, तीन हातांवर, लोखंडी खाट होती. तिच्यावर गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या.

मी खुर्ची ओढून बसले आणि कामाला लागले. भीती वगैरे तेव्हा वाटली नाही. वाईट वाटत होतं, आणि काम केलं की मला कमी वाईट वाटतं.

इंटरनेट चालू होतं. प्रोग्राम हाताने चालवून पाहिला. दोन सेकंदांनी लाल अक्षरं आली: पासवर्ड मान्य नाही. म्हणजे दुखणं साधं होतं. ईमेलवाल्या कंपनीने प्रोग्रामना नेहमीचा पासवर्ड वापरायला बंदी केली होती, त्यांच्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढावा लागतो. तो काढायला ऑफिसच्या फोनवर येणारा कोड हवा. खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. पन्नास पावलांवर एक मोठा दगड होता, त्यावर चढलं की दोन काड्या दिसत. उन्हात उभी राहून मी कोकिळा मॅडमना फोन लावला, काय काय दाबायचं ते सांगितलं आणि त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलेला पासवर्ड तळहातावर लिहून घेतला. वही खोलीत राहिली होती. परत येईपर्यंत घामाने दोन अक्षरं फिसकटली. पुन्हा लाल अक्षरं, पुन्हा दगड. दुसऱ्या खेपेला चाचणीचा ईमेल गेला.

दीड वाजला होता. पोळी-लोणचं खाल्लं. खरं तर काम संपलं होतं. पण प्रोग्राम तीन वाजता आपणहून चालतो की नाही ते बघितल्याशिवाय निघायचं नाही, अशी माझी सवय आहे. आणि भटूभाऊ पाचशिवाय येणार नव्हते. वेळ काढायला मी नोंदवही उघडली. प्रोग्राम रोज काय करतो ते एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवतो, तिला आम्ही नोंदवही म्हणतो.

मागच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शोधली. का शोधली, माहीत नाही. आखाजीच्या आदल्या दिवसाची ओळ अशी होती: 'शेरा ४१ अक्षरं. मर्यादा ४०. शेरा वगळला. सर्व ठीक पाठवलं.' आणि त्याखाली, वगळलेला शेरा जसाच्या तसा:

'ताप उतरत नाही. उठवत नाही. भटूला वर पाठवा.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग बोटाने मोजली. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागा, सगळं वेगवेगळं मोजतो. चाळीस अक्षरं 'पाठवा'च्या कान्यावर संपत होती. एक्केचाळिसावं अक्षर म्हणजे शेवटचा पूर्णविराम.

तो नियम माझा होता. ऑफिसच्या तक्त्यात रकाना अरुंद, लांब शेरा आला की पान बिघडायचं. म्हणून मी लिहिलं होतं, चाळीसपेक्षा जास्त अक्षरं आली किंवा काहीच आलं नाही, तर आपलं 'सर्व ठीक' पाठवून द्यायचं. एकदा ललितनेच फोन करून विचारलं होतं, "ताई, शेरा जरा लांब लिहिला तर चालेल का? इथे दिवसभर बोलायला कोणी नसतं." मी म्हणाले होते, "ऑफिसला एवढंच लागतं हो." तो हसला होता. "बरं ताई," म्हणाला होता.

त्याला उठवत नव्हतं. तरी तो खाटेवरून उठून तीन हात आला होता, या खुर्चीत बसला होता, आणि पूर्णविराम द्यायला विसरला नव्हता.

बाहेर वारा मनोऱ्याच्या तारांतून शीळ घालत होता. मी पुढच्या ओळी बघत गेले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तोच शेरा, तोच नकार, 'सर्व ठीक'. तिसऱ्या दिवशी. चौथ्या. त्याला खाली नेल्यावरही शेऱ्याच्या फाइलला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे पुढेही रोज तेच. भटूला वर पाठवा. सर्व ठीक. भटूला वर पाठवा. सर्व ठीक. महिनाभर, दोन महिने. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात खाली-खाली जात होता.

मग ऑगस्टच्या ओळींवर हात थांबला.

वगळलेला शेरा बदलला होता.

'पत्र्यावर पावसाचा आवाज फार होतो. भटू खालूनच परत जातो.'

मला आधी वाटलं, कोणीतरी येऊन बसत असेल. पण ते कुलूप मी पाहिलं होतं. मी पुढे गेले. महिनाभर तीच ओळ, मग दुसरी. डिसेंबरात: 'थंडी वाजते. पांघरूण त्यांनी नेलं. कोणी वर येत नाही का.' सगळे शेरे चाळीसच्या वरचे. सगळे वगळलेले. रोज तीन वाजता ऑफिसला 'सर्व ठीक'.

खोलीत चाळिशीच्या वरचा उकाडा होता आणि माझ्या दंडांवर काटा आला होता.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी आधी तो नियम काढला. चाळीसची मर्यादा पुसली, 'सर्व ठीक' पुसलं. शेऱ्यात जे असेल ते, जेवढं असेल तेवढं पाठवायचं. काही नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. मग शेऱ्याची फाइल उघडली, तिच्यातली ती डिसेंबरची ओळ पुसली, फाइल कोरी करून बंद केली. घड्याळात दोन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मी हात मांडीवर ठेवून बसले.

वारा पडला. एकदम. तारांची शीळ थांबली, पत्रा कुरकुरायचा थांबला. इतकी शांतता मी देवपुरातल्या खोलीतही कधी ऐकली नाही. आणि मग एक वास आला. बामचा. डोकं दुखतं तेव्हा कपाळाला चोळतात तो, आणि त्याच्या खाली घामाने भिजलेल्या अंथरुणाचा. आधी वाटलं, खिडकीतून येतोय. पण खिडकी समोर होती. वास पाठीमागून येत होता.

मी वळले नाही.

तीन वाजले. पडद्यावर प्रोग्राम आपणहून जागा झाला, ओळी सरकल्या. अहवाल तयार. ईमेल गेला. आणि शेवटी नोंदवहीत नवी ओळ उमटली. 'शेरा स्वीकारला.' आणि त्याखाली तो शेरा:

'कोणीतरी आलं आहे. बाई आहे. पाठमोरी बसली आहे.'

मागे खाटेची एक पट्टी वाजली. वजन सरकल्यावर वाजते तशी.

"ललितभाऊ..." माझ्या तोंडून गेलं. आवाज माझाच होता, खरखरीत. "चुकलं माझं..."

मी पिशवी घेतली की नाही हेही आठवत नाही. बाहेर पडले ती थेट त्या दगडावर जाऊन बसले. दगड चटके देत होता. दोन तास मी तिथेच होते, पदर डोक्यावर घेऊन, खोलीचं उघडं दार समोर ठेवून. दारातून कोणी आलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

भटूभाऊ पाचला आले. पाण्याचा जार उतरवला, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"काय व्हयनं ताई?"

"भटूभाऊ... तुम्ही पावसाळ्यात इथे आला होता?"

ते बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिले. "ऊं. दोन-तीन डाव उनू. खालतून परत गयू." मग हळूच म्हणाले, "वरथून कोनी हाक मारे ताई. मना नाववरी."

कुलूप त्यांनीच लावलं. पिशवी आत राहिली होती ती त्यांनी हात लांब करून उंबऱ्यावरून ओढून घेतली. उतरताना अर्ध्या वाटेवर त्यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "ताई, गाडी आज भारी लागी ऱ्हायनी." पाण्याचा जड जार तर वरच उतरवला होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन कोकिळा मॅडमना एक्केचाळीस अक्षरांचं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. त्या टेबलावरची टाचण्यांची डबी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रोज वाचायचे हो ते. सर्व ठीक. वाचलं की बरं वाटायचं. त्या चार दिवसांतही वाचलं." त्यांनी डोळे पुसले. "त्याच्या आईला कसं सांगायचं? मंदाबाई अजून विचारतात, मुलाने काही निरोप ठेवला होता का म्हणून."

मी म्हणाले, मी सांगेन. त्यानंतर मी दोनदा जळगावला गेले. एसटी धरणगावच्या स्टँडवर थांबते. दोन्ही वेळा मी सीटवरून उठले नाही.

पंधरा दिवसांनी कोकिळा मॅडमचा फोन आला.

"अहवाल अगदी वेळेवर येतोय," त्या म्हणाल्या. "पण दोन गोष्टी आहेत. वाऱ्याचा वेग शून्य दाखवतोय. एक-दोन दिवस नाही, तुम्ही जाऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पठारावर वारा शून्य कसा असेल? आणि वरच्या नव्या माणसाला सांगा, शेरा जरा आटोपशीर लिही."

"नवा माणूस?"

"वर बसवलाय ना कोणीतरी? साहेबांनी पाठवला असेल असं मी धरून चालले."

"काय लिहितो?"

कागदांची सळसळ ऐकू आली. "थांबा, कालचा वाचते. 'खोली लहान आहे. खिडकी एकच, उत्तरेला, ती उघडत नाहीत. वारा अजिबात नाही. ताई दिवसभर कोणाशी बोलत नाहीत.'" त्या थांबल्या. "ही ताई कोण हो?"

मी फोन ठेवला आणि भटूभाऊंना लावला. ते पठाराच्या पायथ्याशी गुरं घेऊन बसले होते. फोनमध्ये वाऱ्याचा घों घों आवाज येत होता.

"वर कोणी आहे का भटूभाऊ?"

"कोनी नही ताई. किल्ली मनाजोडेच शे." मग आवाज उतरवून, "आते हाकबी येत नही. तुम्ही ग्यात तवयपासून नही."

"आणि वारा?"

"वारा? आवं ताई, मानूस उडी जाई इतला शे. बठ्ठा पंखा गरगर फिरी ऱ्हायनात."

माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. रस्त्यावरची धूळ येते म्हणून मी ती बंद ठेवते. उठून ती उघडली. खिट्टी जाम झाली होती, दगडी वरवंट्याने ठोकावी लागली. मग माळ्यावरचा टेबलफॅन काढून पुसला, पाठीमागच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी स्टुलावर ठेवला आणि लावला. मला उकडत होतं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी तीनचा अहवाल मी मॅडमकडून मागवून घेतला. वाऱ्याचा वेग, एक पूर्णांक सहा. दिशा, दक्षिण. शेऱ्यात एवढंच होतं: 'आता बरं वाटतंय.'

त्या दिवसापासून मी पंखा बंद केलेला नाही. रात्रीही नाही. अधूनमधून मोठ्याने काहीबाही बोलतेही, भाजीचं, पावसाचं, काय सुचेल ते. काल दुपारी मात्र देवपुरात दोन तास वीज नव्हती. कालचा अहवाल आलाय. मी तो अजून उघडलेला नाही.